सन कोणता धरायचा?
जॅग्वार ई-टाइपच्या चौदा वर्षांचा शोध

१

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्याचा फोन आला. "मामा, तू जुन्या कागदांचे सन लावतोस ना? मला एका गाडीचा सन लावून दे."

गाडी होती जॅग्वार ई-टाइप, दोन माणसांची, कापडी छत मागे टाकता येणारी. नाशिकचे वडिलांचे घर विकल्यावर त्याच्या वाट्याला जी रक्कम आली, ती जवळजवळ सगळी या गाडीत जाणार होती. त्याच रात्री बहिणीचाही फोन आला. "अरे, तू तरी त्याला सांग. बापाच्या घराचे पैसे कोणी साठ वर्षांच्या जुन्या गाडीत घालतं का?"

मी इतिहासाचा पदवीधर नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्याचे काम सव्वीस वर्षे केले आणि संध्याकाळच्या वर्गात मोडी शिकलो. तेव्हापासून लोकांच्या घरातले रुमाल सोडून कागद वाचतो. गाडी घ्यावी की नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. पण विक्रेत्याच्या जाहिरातीत एकच गोष्ट ठळक छापली होती, 'सन १९६७'. किंमत त्या चार आकड्यांवर उभी होती आणि त्या आकड्यांचा अर्थ लावणे हे माझ्या आवाक्यातले काम होते. हा लेख त्या शोधाचा आहे.

२

मोटारीला 'सन' असतो, ही कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. हेन्री फोर्डचे 'मॉडेल टी' १९०८ साली आले आणि १९२७ पर्यंत चालले. त्यात सुधारणा होत राहिल्या, पण यंदाची गाडी गेल्या वर्षीपेक्षा वेगळी दिसलीच पाहिजे, असा आग्रह फोर्डचा नव्हता. तो आग्रह धरला जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी. दरवर्षी रूप थोडे बदलायचे, म्हणजे कालची गाडी आज जुनी वाटेल आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल. या कामासाठी १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाताखाली त्यांनी 'आर्ट अँड कलर' नावाचा वेगळा विभागच उघडला.

अमेरिकेतले हे गाडीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नवी मॉडेले शरद ऋतूत दुकानात येतात. म्हणजे १९६७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बनलेली गाडी '१९६८चे मॉडेल' म्हणून विकली जाते. आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आपले व्यापारी पाडव्याला वही बदलतात, सरकार एप्रिलमध्ये, आणि पेशवाईतला सुहूर सन मृगाला बदलत असे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. पण त्या दिवशी चालू असलेला सुहूर सन ११६१ हा १७६०च्या जूनमध्येच लागलेला होता. सुहूर सनात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

याच हिशेबात मी एकदा सपशेल चुकलो आहे. एका घराण्याच्या इनामाच्या कागदावर वैशाखातली तिथी होती. मी सवयीने ५९९ मिळवले आणि सन एक वर्षाने मागे गेला. त्या चुकीमुळे इनाम एका भावाच्या हयातीत पडले, प्रत्यक्षात ते त्याच्या निधनानंतर दुसऱ्याला मिळालेले होते. चूक लक्षात आल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन दुरुस्ती सांगितली. पण तोवर दोन चुलत घरांत बोलणे बंद झाले होते आणि माझ्या दुरुस्तीने ते पुन्हा सुरू झाले नाही. तेव्हापासून कागदावर सन दिसला की मी आधी विचारतो, हा कोणाचा सन?

३

ई-टाइप पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १५ मार्च १९६१ रोजी, जिनिव्हा येथे. कंपनीचे धनी सर विल्यम लायन्स तिथे हजर होते. गाडी पाहायला आणि बसून पाहायला इतकी झुंबड उडाली, की कॉव्हेंट्रीहून आणखी एक गाडी मागवावी लागली. कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस उघडी गाडी रातोरात हाकत जिनिव्हाला घेऊन आले.

गाडीचा आकार माल्कम सेयर यांचा. ते मूळचे विमान कारखान्यातले. हवा पत्र्यावरून कशी सरकते याचे गणित मांडून ते वळणे ठरवत. इंजिन ३,७८१ सीसीचे, सहा सिलिंडरांचे. त्याची जात १९४८च्या 'एक्सके १२०'पासून चालत आलेली. कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा आणि ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा. पत्रकारांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्या मात्र खास निगुतीने तयार केलेल्या होत्या आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीला तो आकडा गाठणे अवघड होते. तरीही चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागची चाके स्वतंत्रपणे खालीवर होणारी आणि किंमत करासहित दोन हजार शंभर पौंडांच्या आसपास. एवढ्या पैशांत अशी गाडी दुसरी नव्हती.

पहिल्या वर्षातल्या गाड्या आज सर्वांत दुर्मीळ. सुरुवातीच्या सुमारे पाचशे उघड्या गाड्यांचे बॉनेट बाहेरच्या कुलपाने, वेगळी किल्ली लावून उघडावे लागे. १९६२पर्यंत चालकाच्या पायाखालची जमीन सपाट होती. उंच माणसाचे गुडघे चाकाला लागत, म्हणून पुढे तिथे खोलगट भाग केला. आज संग्राहक त्याच अडचणीच्या सपाट जमिनीसाठी जास्त पैसे मोजतात. वापरणाऱ्याला जो दोष, तो जमवणाऱ्याला गुण.

या ३.८ लिटरच्या गाड्यांचे तीन दोष त्या काळच्या मालकांनीच सांगून ठेवले आहेत. पहिला गियर चालत्या गाडीत टाकताना दात कचकचतात, ब्रेक जोर मागतात आणि आसने दूरच्या प्रवासात पाठ धरतात.

४

ऑक्टोबर १९६४मध्ये ४.२ लिटरचे, ४,२३५ सीसीचे इंजिन आले. अश्वशक्तीचा आकडा तोच, २६५. पण खालच्या वेगात गाडी अधिक ताकदीने ओढू लागली. सगळे गियर सहज पडणारे झाले, ब्रेकची मदत सुधारली, आसने बदलली, वीज तयार करायला जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला. बाहेरचे रूप मात्र तेच राहिले. हेडलाइटवर वाहती काच, डॅशबोर्डवर खटक्यांची रांग, बॉनेटखाली तीन एसयू कार्बुरेटर.

पहिल्या गाड्यांचे रूप आणि पुढच्या गाड्यांची सोय एकत्र मिळते ती १९६४च्या अखेरीपासून १९६७च्या उन्हाळ्यापर्यंत. ज्याला गाडी ठेवायचीही आहे आणि चालवायचीही आहे, तो हीच तीन वर्षे शोधतो. जाहिरातीत 'सन १९६७' ठळक छापण्याचे कारण हे. १९६७ म्हणजे सुधारणा सगळ्या झाल्या आहेत आणि काच अजून गेलेली नाही, असे गिऱ्हाइकाने मनातल्या मनात वाचावे.

५

ती काच का गेली, याचे उत्तर कॉव्हेंट्रीत नाही, वॉशिंग्टनमध्ये आहे. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक १९६५ साली आले. १९६६च्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९६८पासून नव्या गाड्यांना संघराज्याचे सुरक्षा-नियम लागू झाले आणि त्याच मॉडेल-वर्षापासून धुराचेही. ई-टाइपचा मोठा हिस्सा अमेरिकेत जात होता. तिथले नियम पाळल्याशिवाय कारखाना चालला नसता.

बदल एका रात्रीत झाले नाहीत. १९६७च्या उन्हाळ्यात आधी हेडलाइटवरची काच गेली. मग अमेरिकेसाठीच्या गाड्यांत तीन एसयूंऐवजी दोन स्ट्रॉम्बर्ग कार्बुरेटर आले आणि शक्तीचा दावा २४५च्या आसपास उतरला. अपघातात टोचतील म्हणून डॅशबोर्डवरचे टोकदार खटके जाऊन चपटी बटणे आली. या मधल्या गाड्यांना शौकीन 'सिरीज दीड' म्हणतात. कंपनीने हे नाव कधी दिले नव्हते. बखरीत जसे मागाहून कोणी तरी प्रकरणांना मथळे द्यावेत, तसे हे नाव मागाहून पडले.

१९६८च्या शरदात 'सिरीज टू' आली. पुढचे तोंड मोठे, त्यामुळे इंजिन कमी तापते. मागचे दिवे मोठे होऊन बंपरच्या खाली गेले, बंपर जाड झाले. ब्रेक आणखी चांगले, शिवाय हवे तर पॉवर स्टिअरिंग आणि वातानुकूलन. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही गाडी पहिलीपेक्षा वाईट नाही, बऱ्याच बाबतींत सोयीचीच आहे. पण बाजार डोळ्यांनी भाव ठरवतो. जाड बंपर आणि उघडे दिवे म्हणून हिची किंमत कमी.

६

१९७१ साली 'सिरीज थ्री' आली. बारा सिलिंडर, ५,३४३ सीसी, चार कार्बुरेटर. इंजिन वॉल्टर हसन आणि हॅरी मंडी यांच्या हातचे. गाडी लांबली, रुंदावली, पॉवर स्टिअरिंग नेहमीचे झाले. ती आता धावपटू राहिली नव्हती, ऐटीत लांब पल्ला गाठणारी झाली होती. आवाज मऊ, पेट्रोलची भूक मोठी. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि ही भूक परवडेनाशी झाली. १९७४मध्ये उत्पादन थांबले. शेवटच्या पन्नास गाड्यांपैकी एकोणपन्नास काळ्या होत्या, एक गडद हिरवी.

चौदा वर्षांत एकूण बाहत्तर हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. तेवढ्या काळात कंपनीही बदलली होती. १९६६मध्ये ती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये गेली, १९६८मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये. पुढे स्वतंत्र झाली, फोर्डकडे गेली आणि २००८मध्ये टाटा मोटर्सने ती लँड रोव्हरसह घेतली. तेव्हा आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पेढे वाटले होते. आमच्याकडचे भाग टाटांच्या गाड्यांना जात, एवढाच आमचा संबंध. पण 'जॅग्वार आता आपली' असे म्हणताना माझाही आवाज चढला होता.

७

आता भाच्याची गाडी. बनावट सनद ओळखायची तर आधी शाई, कागद, शिक्का आणि अक्षरवळण एकाच काळाचे आहे का, ते पाहतात. गाडीचेही तसेच. ई-टाइपवर चार क्रमांक असतात. चासीचा, इंजिनचा, बॉडीचा आणि गियरबॉक्सचा. इंजिनचा क्रमांक ठोकळ्यावरही ठोकलेला असतो आणि वरच्या हेडवरही. चारही क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी जुळले, तर गाडी मूळ स्वरूपात आहे असे म्हणतात.

चासी क्रमांक तर बोलकाच असतो. ३.८च्या उघड्या गाड्यांची मालिका उजव्या स्टिअरिंगला ८५०००१पासून आणि डाव्या स्टिअरिंगला ८७५००१पासून सुरू होते. बंद छताच्या गाड्यांची अनुक्रमे ८६०००१ आणि ८८५००१पासून. ४.२ला '१ई', सिरीज टूला '१आर', सिरीज थ्रीला '१एस' अशी आद्याक्षरे. उघड्या गाडीला भाव जास्त, म्हणून बंद गाड्यांचे छत कापून त्या उघड्या केल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतून परत आणून स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेलेल्या तर कितीतरी. पत्रा बदलता येतो, पण मालिका खरे सांगते.

मी भाच्याला तीन गोष्टी मागायला लावल्या. पहिली, जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचा दाखला. कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून ही संस्था क्रमांक, मूळ रंग, बांधणीची तारीख, रवानगीची तारीख आणि पहिला वितरक कळवते. दुसरी, गाडी कोणाकोणाकडे होती त्याची कागदपत्रे. तिसरी, गाडी उचलून खालून पाहण्याची परवानगी. या गाडीचा मागचा भाग पत्र्याच्या पेटीसारखा आणि पुढचा नळ्यांच्या सांगाड्याचा. दाराखालचे पोकळ पट्टे, पायाखालचा पत्रा आणि नळ्यांची आतली बाजू, इथे गंज धरतो आणि वरून रंग चकचकीत राहतो. सन चुकला तर पैसे जातात. गंज चुकला तर पैसे जातातच, जीवही धोक्यात येतो.

विक्रेत्याने दोन आठवडे टाळाटाळ केली, मग दाखला पाठवला. क्रमांक चारही जुळत होते. बांधणीची तारीख ऑक्टोबर १९६७ची, रवानगी अमेरिकेला.

भाचा खूश झाला. "मामा, बघ, सदुसष्टच आहे!"

मी त्याला म्हटले, "कोणाचा सदुसष्ट?"

ऑक्टोबरात अमेरिकेसाठी बनलेली गाडी म्हणजे तिथल्या हिशेबाने १९६८चे मॉडेल. आणि काच तर त्या उन्हाळ्यातच गेलेली. मग जाहिरातीतल्या फोटोत हेडलाइटवर काच कशी? भाचा पुन्हा गेला, बॉनेट उचलले आणि दिव्यांच्या मागच्या बाजूला बॅटरी मारली. तिथे वेल्डिंगच्या ताज्या खुणा आणि दोन वेगवेगळ्या जाडीचे पत्रे दिसले. कोणी तरी उघडे दिवे झाकून गाडीला सहा महिन्यांनी मोठे केले होते.

विक्रेता खोटे बोलला का? कागदावरचा प्रत्येक आकडा खरा होता. १९६७ खरे, क्रमांक खरे, इंजिन खरे. खोटा होता तो वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा अर्थ, आणि तो तयार व्हावा म्हणूनच काच बसवलेली होती. माझ्या इनामाच्या कागदाचे नेमके हेच झाले होते. तिथे फसवणारा कोणी नव्हता, मीच होतो. आकडा बरोबर वाचला आणि सन चुकीचा लावला.

काचवाल्या आणि बिनकाचेच्या गाडीच्या किमतीतला फरक एवढा होता, की त्यात एक साधी नवी गाडी आली असती. भाच्याने १९६८च्या मॉडेलची किंमत देऊ केली. विक्रेत्याने नकार दिला.

८

मला जो विचारेल त्याला मी आता इतकेच सांगतो. फक्त पाहायला आणि पुढे विकायला हवी असेल, तर पहिली दोन वर्षे. पैसे भरपूर असतील आणि चालवायचीही असेल, तर १९६५, १९६६ आणि १९६७चा पूर्वार्ध. लांबचा प्रवास आणि पेट्रोलची चिंता नसेल, तर बारा सिलिंडर. आणि पैसे मोजके, चालवण्याची हौस खरी असेल, तर सिरीज टू. पण चांगल्या वर्षाची वाईट गाडी घेण्यापेक्षा कमी भावाच्या वर्षाची प्रामाणिक गाडी घ्यावी.

भाच्याने तेच केले. पुढच्या वसंतात त्याने १९७० सालची सिरीज टू घेतली. रंग मूळचा फिका पिवळा, काही ठिकाणी उडालेला. दिवे उघडे, बंपर जाड. एकाच कुटुंबात चाळीस वर्षे होती, दुरुस्तीच्या पावत्या एका बुटाच्या खोक्यात जपलेल्या. घराचे सगळे पैसेही गेले नाहीत. उरलेले त्याने आईच्या नावावर ठेवले.

बहीण गेल्या उन्हाळ्यात लेस्टरला जाऊन आली. गाडीत बसली का, विचारले तर म्हणाली, "बसले एकदा. पाऊस आला मध्येच, छत ओढेपर्यंत भिजलो दोघंही." आणि मग जरा थांबून, "त्यांना आवडली असती रे."

खोक्यातल्या पावत्यांचे फोटो भाच्याने मला पाठवले आहेत. पहिली पावती टायरची आहे. तिच्यावर दिवस आणि महिना आहे, सन नाही. मी तो लावायला घेतला आहे.